सोनोग्राफीत दिसणारं बाळाचं वजन आणि ‘बाळ लहान आहे’ हा शेरा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या गरोदर बायका, त्यांच्या घरची माणसं, आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेले डॉक्टर यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं घरच्यांसाठी आहेत, काही प्रोब (पोटावर फिरवायचा मशीनचा भाग) हातात धरणाऱ्यांसाठी. आपल्याला नको तो भाग खुशाल ओलांडून पुढे जावं.

मशीन पोटातल्या बाळाचं वजन कसं करतं?

वजन करत नाही, मापं घेतं. चार मापं असतात: डोक्याची रुंदी (रिपोर्टवर बीपीडी), डोक्याचा घेर (एचसी), पोटाचा घेर (एसी) आणि मांडीच्या हाडाची लांबी (एफएल). ही चारही एका सूत्रात घातली की ग्रॅममध्ये आकडा निघतो. आपल्याकडच्या बहुतेक मशीनमध्ये ह्यूस्टनच्या हॅडलॉक आणि सहकाऱ्यांचं १९८५ सालचं सूत्र बसवलेलं असतं. मशीन ‘२२६७ ग्रॅम’ असा शेवटच्या ग्रॅमपर्यंत आकडा छापतं, म्हणून घरच्यांना तो काट्यावर तोलल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो अंदाज आहे, आणि तसाच वाचायला हवा.

हा अंदाज किती चुकतो?

माप नीट घेतलं असेल तर साधारण तीनपैकी दोन बाळांत चूक साडेसात टक्क्यांच्या आत राहते आणि शंभरातल्या पंचाण्णवांत १५ टक्क्यांच्या आत. म्हणजे २२६७ ग्रॅम लिहिलेलं बाळ १९२७ ते २६०७ ग्रॅममध्ये कुठेही असू शकतं. बऱ्याच रिपोर्टांवर आकड्याच्या पुढे ‘अधिक-उणे ३४० ग्रॅम’ असं छापलेलंही असतं. ते सहसा कुणी वाचत नाही. सूत्र अगदी लहान आणि अगदी मोठ्या बाळांत जास्त चुकतं. लहान बाळाचं वजन बहुधा जरा फुगवून दाखवतं, मोठ्याचं आखडून. आपल्याला शोधायची आहेत ती लहान बाळं, हे लक्षात घेतलं तर ‘वजन ठीक आहे’ या शेऱ्यावरही डोळे मिटून विसंबता येत नाही.

चार मापांपैकी सगळ्यात महत्त्वाचं कोणतं?

पोटाचा घेर. वारेतून पुरवठा कमी पडला की बाळ आधी यकृतातला साखरेचा साठा आणि कातडीखालची चरबी खर्च करतं. मेंदूकडचं रक्त शेवटपर्यंत राखतं. त्यामुळे डोकं चांगलं आणि पोट बारीक असं चित्र दिसतं. सूत्रातही पोटाच्या घेराला मोठं महत्त्व आहे, त्यामुळे चूकही तिथेच महागात पडते.

एक उदाहरण आकड्यांत पाहू. ३६ आठवड्यांचं बाळ, बीपीडी ८.६ सेंटीमीटर, एचसी ३१, एसी २९, एफएल ६.७. चार मापांच्या हॅडलॉक सूत्राने वजन येतं सुमारे २२६७ ग्रॅम. आता फक्त एसी २९ ऐवजी ३० घ्या: वजन होतं सुमारे २३८४. एक सेंटीमीटरने ११७ ग्रॅमचा फरक. डोक्याचा घेर एक सेंटीमीटरने वाढवला तर जेमतेम ३४ ग्रॅम वाढतात. मांडीच्या हाडात मात्र दोनच मिलिमीटर वाढवले की ६६ ग्रॅम वाढतात, म्हणून तेही माप हलक्यात घ्यायचं नाही.

हॅडलॉकच्या १९९१ सालच्या वाढीच्या तक्त्यात ३६ आठवड्यांना दहाव्या टक्केवारीची रेघ (शंभरातली सगळ्यात लहान दहा बाळं हिच्या खाली येतात) २३३५ ग्रॅमवर आहे. म्हणजे एसी २९ असेल तर हे बाळ ‘लहान’, ३० असेल तर ‘ठीक’. एका सेंटीमीटरवर शेरा बदलला. आणि तारीख एक आठवड्याने चुकलेली असेल, बाळ खरं तर ३५ आठवड्यांचंच असेल, तर तिथली रेघ २१५४ वर आहे. २२६७ ग्रॅमचं हेच बाळ तिच्यावर निवांत बसतं.

पोटाचा घेर मोजताना काय चुकतं? (सोनोग्राफी करणाऱ्यांसाठी)

चित्रात पोट गोल दिसायला हवं, लांबट नाही. जठराचा काळा बुडबुडा दिसावा. नाळेची शीर यकृतात शिरून काठीच्या मुठीसारखी वळते तो भाग पुढच्या भिंतीपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर दिसावा. पाठीचा मणका एका बाजूला असावा. मूत्रपिंड दिसलं तर आपण खाली घसरलो, हृदय दिसलं तर वर. दोन्ही बाजूंना एकेकच बरगडी नीट दिसली तर छेद सरळ आहे. एका बाजूला तीन-चार बरगड्या दिसल्या तर प्रोब तिरका आहे आणि घेर मोठा येणार. नाळेची शीर थेट कातडीपर्यंत लांब दिसत असेल तरी छेद तिरकाच समजावा.

लंबवर्तुळ कातडीच्या बाहेरच्या कडेवर बसवायचं, बरगड्यांवर नाही. बरगड्यांवर बसवलं की बाळ उगाच लहान ठरतं. प्रोब दाबून धरू नये. बाळाभोवतीचं पाणी कमी असताना तर अजिबातच नाही, कारण दाबाने पोट चपटं होतं. बाळाने श्वासाच्या हालचाली सुरू केल्या तर थांबावं. तीन वेळा मोजावं, तीन आकड्यांत मोठी तफावत असेल तर तिन्ही पुसून पुन्हा मोजावं. तफावतीतला आपल्याला बरा वाटणारा आकडा ठेवणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. ओपीडीबाहेर साठ बायका रांगेत असताना ती का होते हे समजतं, पण म्हणून ती चूक कमी होत नाही.

डोक्याचं आणि मांडीचं माप?

डोक्याच्या छेदात दोन्ही थॅलॅमस आणि पुढच्या बाजूला मधली पोकळी दिसावी, मधली रेघ मध्यावर असावी, छोटा मेंदू दिसू नये. बाळ पायाळू असेल किंवा पाणी कमी असेल तर डोकं लांबट दाबलं जातं, तेव्हा बीपीडी फसवतं आणि एचसी धरावं. शेवटच्या दिवसांत डोकं खाली बसलेलं असेल आणि माप येतच नसेल, तर ओढूनताणून डोकं मोजण्यापेक्षा पोट आणि मांडीवर चालणारं सूत्र निवडावं आणि तसं रिपोर्टवर लिहावं.

मांडीचं हाड पडद्यावर शक्य तितकं आडवं, दोन्ही टोकं स्पष्ट. टोकाशी दिसणारी बारीक चमकदार नखी मापात धरायची नाही.

आठ दिवसांत दोन ठिकाणी सोनोग्राफी केली. आधी २४०० होतं, आता २२५० आलं. बाळ बारीक झालं का?

बाळाचं वजन असं उतरत नाही. दोन माणसं, दोन मशीन, कदाचित दोन वेगळी सूत्रं; दोन्हीकडे १० टक्के इकडे-तिकडे धरलं तर हे दोन्ही आकडे एकाच बाळाचे असू शकतात. अशा वेळी तिसरीकडे धावू नये. पहिली जिथे केली तिथेच, शक्य तर त्याच डॉक्टरांकडून, दोन ते तीन आठवड्यांनी वाढ बघावी. दोन आठवड्यांच्या आत वजनाची तुलना करण्यात अर्थ नसतो, कारण तेवढ्या दिवसांतली वाढ मापाच्या चुकीतच बुडून जाते. ३२ ते ३६ आठवड्यांत बाळ आठवड्याला साधारण २०० ग्रॅमच्या वर वाढतं आणि पोटाचा घेर जवळजवळ एक सेंटीमीटरने. दोन आठवड्यांत घेर एक सेंटीमीटरनेही वाढला नाही, तर मात्र काळजीचं कारण आहे, मग वजन रेघेच्या वर असो की खाली.

डॉप्लर (रक्तप्रवाहाची तपासणी, तिच्याबद्दल पुढे येतं) आणि बाळाभोवतीचं पाणी यांना हा दोन आठवड्यांचा नियम लागू नाही. ती तपासणी गरजेप्रमाणे आठवड्याला, प्रसंगी रोजही होते.

पाळीची तारीख आठवत नाही. मग?

या पानावरचा हा सगळ्यात कळीचा प्रश्न. ‘दिवाळीच्या आसपास पाळी चुकली’ एवढ्यावर महिने मोजले तर तीन-चार आठवड्यांची चूक सहज होते, आणि तीन आठवड्यांच्या चुकीने निरोगी बाळ लहान ठरतं किंवा लहान बाळ निसटून जातं.

उपाय एकच, पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी. तेव्हा बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी (सीआरएल) मोजतात. ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस हा काळ त्यासाठी उत्तम, कारण त्या वयात सगळी बाळं जवळपास सारख्याच वेगाने वाढतात. ९ ते १३ आठवड्यांच्या सोनोग्राफीतलं वय आणि पाळीप्रमाणे मोजलेलं वय यांत सात दिवसांहून जास्त फरक असेल तर सोनोग्राफीची तारीख धरायची. एकदा ठरली की ती तारीख बाळंतपणापर्यंत तीच.

पण प्रत्येक रिपोर्टवर वेगळी तारीख येते!

येणारच. मशीन दर वेळी बाळाच्या आकारावरून वय काढतं आणि त्यावरून बाळंतपणाची तारीख छापतं. बाळ लहान असेल तर मशीन त्याला ‘कमी वयाचं’ समजतं आणि तारीख पुढे ढकलतं. आठव्या महिन्यात तारीख दोन आठवडे पुढे गेली की घरी सगळे निश्चिंत होतात, आणि ज्याच्यावर लक्ष ठेवायला हवं होतं तेच बाळ नजरेआड होतं. २८ आठवड्यांनंतरच्या सोनोग्राफीत वयाचा अंदाज तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकतो. म्हणून आशाताईंना आग्रहाने सांगणं आहे: माता-बाल संरक्षण कार्डावर पहिल्या सोनोग्राफीची तारीख ठळक लिहा आणि नंतरच्या रिपोर्टवरून ती खोडू नका.

पहिली सोनोग्राफी झालीच नसेल तर छोट्या मेंदूचा आडवा व्यास थोडी मदत करतो. वाढ खुंटली तरी तो सहसा टिकून राहतो. त्याहून खात्रीचं म्हणजे दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजून वाढीचा वेग बघणं.

‘लहान बाळ’ नेमकं कशाला म्हणतात? अडीच किलोच्या आतलं?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सतत गल्लत होते. जन्मल्यावर वजन २५०० ग्रॅमपेक्षा कमी भरलं तर ‘कमी वजनाचं बाळ’. त्यात महिने बघत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या वजन नोंदलेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळं या खाली होती. ‘वयाच्या मानाने लहान’ म्हणजे त्या आठवड्याच्या शंभर बाळांना वजनाप्रमाणे रांगेत उभं केलं तर शेवटच्या दहांतलं, म्हणजे दहाव्या टक्केवारीच्या खालचं. तिसऱ्या टक्केवारीच्या खाली असेल तर जास्त गंभीर. ३३ आठवड्यांत दोन किलोचं जन्मलेलं बाळ कमी वजनाचं आहे, पण वयाच्या मानाने व्यवस्थित आहे. ४० आठवड्यांत २७०० ग्रॅमचं बाळ अडीच किलोच्या वर आहे म्हणून सगळे खूश, पण हॅडलॉकच्या तक्त्यात ते दहाव्या टक्केवारीच्या खाली आहे.

आमच्याकडच्या बायका मुळातच लहानखुऱ्या. परदेशी तक्ता त्यांना कसा चालेल?

प्रश्न रास्त आहे. हॅडलॉकचा तक्ता टेक्सासमधल्या गोऱ्या, मध्यमवर्गीय बायकांवरून केलेला. त्यानंतर ‘इंटरग्रोथ-२१’ हा तक्ता आला. तो आठ देशांतल्या निरोगी, खाऊनपिऊन सुखी बायकांवर बेतला आणि त्यात आपलं नागपूर होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या तक्त्यातही भारत आहे. इंटरग्रोथची दहावी रेघ शेवटच्या आठवड्यांत हॅडलॉकपेक्षा खाली असते, त्यामुळे तो तक्ता कमी बाळांना ‘लहान’ म्हणतो. उगाच घाबरवणं कमी होतं, पण खरोखर अडचणीत असलेली काही बाळंही सुटतात.

आमचं मत असं की कोणता तक्ता यापेक्षा एकच तक्ता शेवटपर्यंत वापरणं महत्त्वाचं. रिपोर्टवर तक्त्याचं नाव लिहिलेलं असावं. नसेल तर विचारा. आणि ‘आमच्याकडे सगळ्यांची बाळं बारीकच’ हे कारण पुढे करून गप्प बसू नये. आई रोडावलेली, रक्त कमी, असं असताना बाळ लहान असणं हा वंशाचा गुण नसतो.

लहान असणं आणि वाढ खुंटणं यात फरक काय?

आई पाच फुटांहून कमी, वडील किरकोळ अंगाचे, बाळ लहान पण आपल्या रेघेवरून ठरावीक चालीने वाढतंय, पाणी पुरेसं, डॉप्लर ठीक: हे बहुधा निरोगी लहान बाळ. वाढ खुंटली असेल तर बाळ आपली रेघ सोडून खाली घसरतं किंवा रक्तप्रवाह बिघडतो. २०१६ साली तज्ज्ञांनी एकमताने ठरवलेल्या व्याख्येत तिसऱ्या टक्केवारीच्या खाली गेलेलं वजन किंवा पोटाचा घेर हे एकटंच पुरेसं आहे. तिसऱ्या आणि दहाव्याच्या मधे असेल तर डॉप्लर बिघडलेलं असणं किंवा ३२ आठवड्यांनंतर वाढीची मोठी घसरण अशी जोड लागते.

म्हणून रिपोर्टवर नुसतं ‘आययूजीआर’ (पोटातली वाढ खुंटली) लिहिलेलं दिसलं की पहिला प्रश्न हा विचारावा: डॉप्लर केलं का आणि ते कसं आलं?

डॉप्लर म्हणजे काय?

त्याच मशीनवर, त्याच प्रोबने रक्त किती सहज वाहतं ते बघणं. नाळेच्या धमनीत बाळाच्या हृदयाचे ठोके पडतात तसं रक्त वारेकडे जातं. वार निरोगी असेल तर दोन ठोक्यांच्या मधेही प्रवाह चालू राहतो. वार खराब होत गेली की मधला प्रवाह कमी होतो, मग थांबतो, आणि शेवटी उलटा फिरतो. उलटा प्रवाह म्हणजे वेळ फार कमी आहे. मेंदूच्या धमनीत उलट घडतं: बाळ मेंदूकडे जास्त रक्त वळवतं, तिथला अडथळा कमी होतो. ३२ आठवड्यांनंतर नाळेची धमनी ठीक आणि मेंदूची बिघडलेली असं होऊ शकतं, त्यामुळे दोन्ही बघून त्यांचं गुणोत्तर काढणं गरजेचं.

वजनाचा आकडा कुणावर लक्ष ठेवायचं ते सांगतो. कधी हात घालायचा ते डॉप्लर ठरवतं.

पाणी कमी आहे असं सांगितलं. पाणी पिऊन वाढेल का?

चार कोपऱ्यांतल्या पाण्याची बेरीज (एएफआय) पाच सेंटीमीटरच्या आत किंवा सगळ्यात खोल कप्पा दोन सेंटीमीटरच्या आत असेल तर पाणी कमी. वैशाखात भुसावळ-रावेरकडे पारा ४५ च्या आसपास जातो. शेतातून किंवा बस बदलत आलेल्या बाईच्या अंगातलं पाणी कमी झालेलं असतं आणि त्याचा परिणाम मोजमापावर दिसतो. अशा वेळी सावलीत बसवून, भरपूर पाणी-ताक देऊन पुन्हा मोजलं तर आकडा थोडा सुधारू शकतो. पण वारेचा पुरवठाच आटला असेल तर पाणी पिऊन तो भरून येत नाही. पाणी अचानक कमी झालं असेल तर पिशवी फुटून गळतंय का, हे आधी बघायचं.

सोनोग्राफी किती वेळा आणि केव्हा?

धोका नसेल तर ११ ते १३ आठवड्यांत एक, १८ ते २० मध्ये व्यंगं तपासायला एक, आणि शेवटच्या तीन महिन्यांत एक. वाढ बघण्यासाठीची ही शेवटची एकदाच परवडणार असेल तर ३२ पेक्षा ३६ आठवड्यांच्या आसपास केलेली लहान बाळ जास्त पकडते. केंब्रिजमध्ये पहिलटकरणींवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, डॉक्टरांना गरज वाटली तेव्हाच सोनोग्राफी केली तर वयाच्या मानाने लहान बाळांपैकी २० टक्केच आधी सापडली; सगळ्यांची शेवटच्या तिमाहीत केली तर ५७ टक्के. म्हणजे सगळ्यांची करूनही दहांतली चार निसटली. ‘सोनोग्राफीत सगळं नॉर्मल होतं, मग बाळ दोन किलोचं कसं?’ या रागाचं उत्तर बहुतेक वेळा या आकड्यांत असतं.

धोका असेल तर २६ ते २८ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी.

धोका कुणाला जास्त?

आधीचं बाळ लहान किंवा पोटात दगावलेलं, बीपी, मूत्रपिंडाचा किंवा जुना मधुमेहाचा आजार, जुळं, आईचं वजन फार कमी, दोन बाळंतपणांत कमी अंतर, खूप लहान किंवा चाळिशीकडे झुकलेलं वय, रक्त कमी. आपल्या भागात आणखी दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. एक, मशेरी. विडी ओढते का विचारलं तर बाई ‘नाही’ म्हणते आणि ते खरंच असतं; मशेरी लावते का, तंबाखू मळते का, हे वेगळं विचारावं लागतं. दुसरी, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शिरपूर, चोपडा, यावल या सातपुड्याच्या पट्ट्यात हा आजार आहे, आणि सिकलसेलग्रस्त बाईचं बाळ लहान राहण्याचा धोका मोठा असतो. तपासणीचं कार्ड लाल की पिवळं, म्हणजे आजार आहे की बाई नुसती वाहक आहे, हे पहिल्याच भेटीत नोंदवा.

बीपीचा धोका जास्त असलेल्या बाईला डॉक्टर १६ आठवड्यांच्या आत रोज रात्री ॲस्पिरिन (७५ ते १५० मिलिग्रॅम) सुरू करतात. सातव्या महिन्यात बाळ लहान दिसल्यावर ते सुरू करून वाढ भरून निघत नाही. स्वतःच्या मनाने घेऊही नये.

गावात सोनोग्राफी नाही, तालुक्याला जायला दिवस मोडतो. तोवर काय?

शिंप्याची फीत. २४ आठवड्यांपासून दर भेटीत पोटाची उंची मोजावी: लघवी करून आल्यावर, उताणं झोपवून, गर्भाशयाच्या वरच्या टोकापासून ओटीच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत. आकड्यांची बाजू खाली ठेवावी, म्हणजे अपेक्षित आकड्याकडे हात वळत नाही. उंची सेंटीमीटरमध्ये जवळपास आठवड्यांइतकी येते. तीन सेंटीमीटरहून जास्त कमी भरली किंवा दोन भेटींत वाढलीच नाही तर सोनोग्राफीला पाठवावं. जुळं, आडवं बाळ किंवा फार जाड पोट असेल तर फीत कामाची नाही.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. दिवस मोडायचाच आहे तर तो त्या तारखेला मोडावा.

काय खाल्लं म्हणजे बाळाचं वजन वाढेल?

आईच कुपोषित असेल तर पोटभर आणि प्रथिनं असलेल्या जेवणाचा थोडा का होईना फायदा होतो. त्यासाठी महागडी पावडर लागत नाही: कळण्याची भाकरी, डाळ, शेंगदाणे, अंडी, दूध, परवडेल ते. आदिवासी भागात अंगणवाडीतून अमृत आहार योजनेचं जेवण मिळतं. ते घरी नेऊन सगळ्यांत वाटलं की बाईच्या वाट्याला दोन घास येतात, म्हणून तिथेच बसून जेवावं. लोह-फॉलिक आणि कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नयेत.

वार खराब असल्यामुळे बाळ लहान असेल तर खाण्याने ते भरून येत नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण घरात ‘तू खात नाहीस म्हणून’ असा ठपका बाईवर बसतो.

सलाईनमधून अमिनो ॲसिड, ताकदीची इंजेक्शनं?

त्यांनी बाळाची वाढ सुधारते असा पुरावा नाही. रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या सिल्डेनाफिल या औषधाचंही तेच, नेदरलँड्समधला त्याचा अभ्यास बाळांना फुप्फुसाचा त्रास झाल्याने २०१८ मध्ये थांबवावा लागला. पूर्ण झोपून राहण्यानेही वजन वाढत नाही, उलट पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. शेवटच्या तीन महिन्यांत कुशीवर झोपणं चांगलं, पण ते वजनासाठी नव्हे. सलाईनवर जाणारा पैसा डॉप्लरला आणि गाडीभाड्याला लावलेला बरा.

घरी कशावर लक्ष ठेवायचं?

हालचाली. आकडा पाठ करण्यापेक्षा आपल्या बाळाची रोजची सवय ओळखावी. नेहमीपेक्षा कमी वाटल्या तर जेवून, कुशीवर शांत पडून दोन तास लक्ष द्यावं; तरी शंका राहिली तर त्याच दिवशी दवाखाना, सकाळची वाट बघू नये. डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, यांनाही तेच लागू.

बाळ लहान आहे, मग बाळंतपण कधी करतात?

डॉप्लरवर अवलंबून. ढोबळ चौकट अशी: लहान पण सगळं ठीक असेल तर ३७ ते ३९ आठवडे. नाळेच्या धमनीत नुसता अडथळा वाढला असेल तर ३६-३७ च्या सुमारास. दोन ठोक्यांमधला प्रवाह थांबला असेल तर ३२ ते ३४, उलटा फिरला असेल तर ३० ते ३२. ३४ आठवड्यांच्या आत बाळंतपण होणार असं दिसलं तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, चार डोस देतात. ३२ च्या आत मॅग्नेशियम सल्फेटचाही विचार होतो.

लहान बाळ म्हणजे सिझरच, असं नाही. डॉप्लर बरं असेल तर कळा सुरू करून, ठोक्यांवर सतत लक्ष ठेवून नॉर्मल बाळंतपण होतं.

बाळंतपण कुठे करावं?

जिथे नवजात शिशू कक्ष आहे तिथे, आणि बाळ पोटात असतानाच तिथे पोचावं. मोलगीच्या घाटातून दीड किलोचं बाळ जन्मल्यावर नेण्यापेक्षा आईला आधी नेणं कितीतरी सुरक्षित. १०२ किंवा १०८ ची गाडी मोफत असते. जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात येणं-जाणं, औषधं, तपासण्या, सिझर सगळं मोफत आहे. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून बाई आठव्या महिन्यात गाव बदलते, तेव्हा सगळी कागदं तिच्याबरोबर जाऊ द्या.

ऊसतोडीला गुजरातेत गेलो तर तपासणी कशी चालू ठेवायची?

दिवाळीनंतर टोळी निघायच्या आधी तीन गोष्टी कराव्यात. पहिल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टचा मोबाइलवर फोटो काढून तो नवऱ्याच्या आणि आशाताईच्या, दोन्ही फोनमध्ये ठेवावा. पिशवीतला कागद पाचटात भिजतो. कार्डावर ठरलेली तारीख आणि रक्तगट असावा. आणि ३२ ते ३६ आठवड्यांची सोनोग्राफी बारडोलीकडे होणार की परत आल्यावर, हे निघतानाच ठरवावं. तिथल्या डॉक्टरला जुना रिपोर्ट दिसला नाही तर त्याच्याकडे मशीनने छापलेली नवी तारीख तेवढी असते.

सोनोग्राफीला जाताना काय न्यावं? पोटभर पाणी प्यायचं का?

जुने सगळे रिपोर्ट, कार्ड, ओळखपत्र, डॉक्टरांची चिठ्ठी. शेवटच्या महिन्यांत लघवी रोखून ठेवायची गरज नाही. फॉर्म एफ (गर्भलिंग निदान बंदी कायद्याखालचा अर्ज) भरावाच लागतो, त्याला पर्याय नाही.

वजनावरून मुलगा की मुलगी कळतं का?

नाही. आणि विचारणं, सांगणं दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

वारंवार सोनोग्राफीने बाळाला त्रास होतो का?

यात एक्स-रेसारखे किरण नसतात. कारणाने केलेल्या सोनोग्राफीने अपाय झाल्याचं दिसलेलं नाही. डॉप्लर मात्र पहिल्या तीन महिन्यांत कारणाशिवाय करत नाहीत.

लहान बाळ जन्मलं. पहिल्या दिवशी काय?

कोरडं करून लगेच आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून, डोक्याला टोपी. कांगारू पद्धत रोज निदान आठ तास, जमेल तितकी जास्त, आणि आई दमली तर बाप किंवा आजीनेही घ्यावं. पहिल्या तासात अंगावरचं दूध. मध, गुळाचं पाणी, घुटी काहीही नाही. लहान बाळांची साखर पटकन उतरते, म्हणून पहिले दोन दिवस ठरावीक वेळाने टाचेतून तपासतात. ४५ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा खाली आली तर डॉक्टर लगेच उपाय करतात. बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, थरथरलं किंवा अंग गार लागलं तर कळवायला उशीर करू नये. पहिली अंघोळ पुढे ढकलावी.

सोनोग्राफीतला अंदाज बरोबर होता का, हे नंतर बघतात का?

बघावं. जन्मल्यावर पहिल्या तासाभरात, उघड्या अंगाने, शून्यावर आणलेल्या डिजिटल काट्यावर वजन करावं. शेवटची सोनोग्राफी आठवड्याभरातली असेल तर अंदाज वजा प्रत्यक्ष वजन, भागिले प्रत्यक्ष वजन, गुणिले शंभर. हा आकडा सोनोग्राफीच्या वहीत त्या बाईच्या नावापुढे लिहावा. पन्नासेक बाळांची अशी यादी झाली की चूक एकाच दिशेला झुकते का ते दिसतं. सतत कमी येत असेल तर लंबवर्तुळ बरगड्यांवर बसतंय का ते तपासा. सतत जास्त येत असेल तर छेद तिरका आहे. दोन्हीकडे विखुरलेलं असेल तर घाई होतेय. आणि सगळं नीट असूनही जुळत नसेल, तर प्रसूतिगृहातला काटा एक किलोच्या वजनाने तपासून घ्यावा.